गिरीचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार. सकाळी ९:१० (राहुकाळ उलटल्यावर)

इतक्या उशिरा लिहितोय, माफी असावी. कोणाची ते ठाऊक नाही, कारण ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. तरी मागितलेली बरी. एरवी ती मी कॉम्प्युटरवर टाइप करतो, पण कॉम्प्युटर उठत नाही. म्हणून ही जुनी वही.

हकीगत अशी. बुधवारी आयुधपूजा झाली. सुरी, शिवणयंत्र, सायकलचा पंप यांच्याबरोबर गिरीच्या कॉम्प्युटरलाही गंध-कुंकू लावलं. खोक्याच्या माथ्यावर जाळी आहे. तिच्यावर लिंबू कापून, कुंकू भरून ठेवलं. रिवाजाप्रमाणे दिवसभर चालू केला नाही. गुरुवारी विजयादशमीला मुहूर्त बघून बटण दाबलं. पंखा फिरला, तीनदा पीं झालं, पडदा काळाच.

कारण उघड आहे. पूजेच्या दिवशी शेजारच्या अलमेलू मामी सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, घ्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "इतका जुना, तरी काय छान चालतो हो!" दृष्ट लागली.

गिरी म्हणजे गिरिधर, आमचा एकुलता एक. इथं जवळच ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात सुपरवायझर. सध्या होसूरला ट्रेनिंगला गेलाय. कोणतं मशीन कधी, कसं बिघडलं याच्या सहा वर्षांच्या नोंदी त्यानं रोज संध्याकाळी या कॉम्प्युटरवर लिहिल्यात. १७ तारखेला मोठ्या साहेबांना त्यातूनच काही दाखवायचंय. पटलं तर ओरगडमलाच राहणार. नाही तर उत्तरेत पंतनगरला बदली. रविवारी तो फाइल न्यायला येणार. जाताना एवढंच म्हणाला होता, "अप्पा, धूळ तेवढी बसू देऊ नका."

संकल्प: रविवारच्या आत दुरुस्त. स्पेअर पार्टच्या दुकानात एकतीस वर्षं काढलीत मी. मोटार काय, कॉम्प्युटर काय, शेवटी खोकाच.

७ ऑक्टोबर

राहुकाळ टाळून अकरा वेळा बटण दाबलं. तीन पीं. नवं लिंबू ठेवलं. जुनं अगदी सुकलं होतं, रस सगळा आत उतरला असावा. गुण येतोय.

८ ऑक्टोबर

सरोजाला माझा धीर बघवत नाही. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या व्यंकटला बोलवा म्हणते. पुढं म्हणाली, "घरातली लिंबं संपली. मिरच्या आणू का? म्हणजे लोणचं तरी होईल." बायकोनं असं बोलल्यावर यंत्र कसं उठेल?

दोन पीं झाले. एक कमी झाला. सुधारणा.

९ ऑक्टोबर. सायंकाळी

चालू करून कुशीवर तळहाताचे चार सणसणीत तडाखे दिले. दुकानात अडकलेला पंप असाच सुटायचा. लगेच आतून टकटक सुरू झाली. आठ दिवसांत पहिल्यांदा काही बोलला. जीव आहे.

१० ऑक्टोबर

गिरीचा फोन. रविवारी येतो म्हणाला. मी म्हटलं, सहा तास बसमध्ये कशाला हाडं मोडतोस, फाइल मी मेलनं पाठवतो. तो म्हणाला, "अप्पा, तुम्हाला जमेल?" मी विचारलं, तुला सायकल कोणी शिकवली? हसला. "सरी अप्पा, चालेल, बुधवारपर्यंत पाठवा. दुसरीकडं कुठं ठेवलेलं नाही."

म्हणजे आणखी तीन दिवस मिळाले. हुशारीनं काम झालं.

१२ ऑक्टोबर

टकटक चालू. पहाटे मला अंथरुणात ऐकू आली. सरोजा म्हणाली, कॉम्प्युटर बंद आहे, प्लग काढलेला आहे. मग ती टकटक कसली?

१४ ऑक्टोबर

आज चालू केला तर टकटक नाही. पंखा नाही. पीं नाही. अगदी शांत. मामींची दृष्ट उतरली असं समजतो. उद्या सकाळी उठेल.

१५ ऑक्टोबर

सरोजानं मला न विचारता व्यंकटला आणलं. झाकण काढून तो म्हणाला, "मामा, आत रसम कोणी ओतलं?" बोर्डावर हिरवा गंज होता. मी म्हटलं, पूजा केली. तो म्हणाला, पूजा बाहेरून करतात. मग डिस्क काढून तपासली. चालू असताना मारलंत का, म्हणाला. मी म्हटलं, थोडं. आतली चकती खरवडली आहे म्हणाला, आता देवालाही वाचता येणार नाही. पैसेही न घेता गेला. हे लक्षण मला आवडलं नाही.

तसा व्यंकट नवखाच. अठरा वर्षंच झाली या धंद्यात.

गिरीचे चार मिस्ड कॉल. उचलले नाहीत, घशाला बरं नाही.

१६ ऑक्टोबर

सरोजाला म्हटलं, गिरीला तू सांग. ती म्हणाली, "तोंड तुमचं, हात तुमचे." सांगितलं. आधी वोल्टेज कमीजास्त झालं म्हटलं, मग लिंबाचं सांगितलं, मग तडाख्यांचं. गिरी म्हणाला, "बरं अप्पा. आठवतं तेवढं आज बसून लिहितो." आणि विचारलं, "अम्मा जेवली का?"

ओरडला असता तर बरं होतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

त्याची वेळ साडेदहाची. नेमका राहुकाळ. मोठे साहेब पंचांग बघत नाहीत. मी देवापुढं बारापर्यंत बसलो. फोन नाही.

१८ ऑक्टोबर

फोन नाही. चांगली बातमी सांगायला मुलं प्रत्यक्ष येतात. उद्या येईल.

१९ ऑक्टोबर, रविवार

आला नाही. होसूरलाच काम आहे म्हणे, दिवाळी तिकडंच.

दुपारी सरोजानं तिचा फोन दिला. अक्षरं बारीक दिसतात, मोठी करून द्या म्हणाली. मोठी केली. समोर गिरीचा मेसेज होता, तोही मोठा झाला. "अम्मा, पंतनगर ठरलं. एक तारखेला निघायचं. अप्पांना एवढ्यात सांगू नकोस. आपल्यामुळं झालं असं वाटेल त्यांना."

फोन परत दिला. म्हटलं, झालं काम. ती म्हणाली, "दिसलं नीट?" मी हो म्हटलं. मग ती चकलीच्या पिठाकडं वळली.

तर गिरी, मी काही वाचलेलं नाही. तू स्वतः सांगत नाहीस तोवर ते ठरलेलं नाही, असं मी धरतो. उद्या सणाचा दिवस, उद्या नको. पण परवा फोन कर. घसा बरा आहे माझा, पहिल्या रिंगला उचलतो. लवकर कळव, राजा.