सिद्धेशची मिरची आणि सरकारची हमी

४ फेब्रुवारी
सिद्धेश परबचं कर्ज पास. लालबागचा मुलगा, इंजिनीअर. स्टार्टअप काढलाय. ॲपवर सांगायचं, त्याचा माणूस घरून मिरची-धने नेणार, मसाला कुटून घरपोच. आमच्या बँकेच्या मॅनेजर कदमसाहेबांना म्हटलं, "आपली मिरची डोळ्याआड कोण कुटू देणार? बायका मसाला कुटायच्या डंकापाशी ठाण मांडून बसतात. मूठभर इकडची तिकडे झाली तर भांडतात. मी स्वतः हलत नाही." हसले. "अहो जोशीबाई, सरकारी हमीचं कर्ज आहे. बुडालंच तर बहुतेक सगळं सरकार भरेल. तुम्ही तुमची मिरची सांभाळा." विषय संपला.

२८ एप्रिल
मसाल्याचा ऐन हंगाम. सिद्धेशचं गोदाम बघायला कॉटन ग्रीनला. चकाचक यंत्रं, एसी, लॅपटॉपवाली तीन पोरं. मिरची नाही. "काकू, सध्या ब्रँडिंगवर फोकस आहे." मॅडमची काकू झाले! येताना लालबागला जुन्या डंकावर ही रांग, शिंकाच शिंका. आमची मिरची कुटून होईपर्यंत मीही तिथेच बसले.

२ सप्टेंबर
तीन हप्ते थकले. फोन केला. सि. म्हणतो, "काकू, टेन्शन नका घेऊ. सरकारची गॅरंटी आहे ना? ते भरतील." चहा हातात तसाच राहिला. म्हटलं, "अरे बाबा, ती हमी बँकेला आहे, तुला नाही. सरकारने बँकेला पैसे दिले तरी तुझ्यामागचा ससेमिरा सुटत नाही." त्याने हे दोनदा वदवून घेतलं. मग, "हे मला कुणी सांगितलंच नाही." खरंच नाही सांगितलं. गोदामाच्या उद्घाटनाला कदमसाहेबांनी भाषण ठोकलं होतं, सरकार तुझ्या पाठीशी आहे म्हणून. पोरगं तेच धरून बसलं. राग आला. त्याचाही, आमचाही.

१९ नोव्हेंबर
कदमसाहेबांना बढती, ठाण्याला चालले. पेढे. हमीवाली कर्जं आपल्या ब्रँचने सगळ्यात जास्त दिली, हेच कौतुक निरोपाच्या भाषणात. त्यातली बुडतायत किती, ते कुणी काढलं नाही. बँकेचं बुडत नाही ना. बुडतं ते सरकारचं, म्हणजे तुमचं-आमचंच. पण सगळ्यांचं म्हटलं की कुणालाच चटका बसत नाही. पेढा बरा होता.

१३ जानेवारी
सि. ताळ्यावर आला. गोदाम सोडलं, पोरांना निरोप दिला. यंत्रं लालबागला चाळीखालच्या गाळ्यात आणली. समोर बाकं टाकणार, बायकांनी बसून आपली मिरची आपल्या डोळ्यांनी बघायची. ॲपवर आता फक्त नंबर लावायचा, म्हणजे उन्हात ताटकळणं नको. हे पटलं! मी चक्क टाळी दिली. थोडेथोडे पैसेही भरायला लागलाय. मेपर्यंत तग धरला तर...

९ फेब्रुवारी
नवे साहेब. तरुण, मोजकं बोलतात. सि.चं खातं थकीत. हमीचा दावा मार्चअखेर केला नाही तर सरकारकडून छदाम मिळणार नाही. आणि दाव्याआधी कर्जदारावर केस केलीच पाहिजे, असा नियम. केस म्हणजे यंत्रं सील, ऐन मिरचीच्या तोंडावर. म्हटलं, "साहेब, जूनपर्यंत थांबलो तर तो फेडेल कदाचित." म्हणाले, "कदाचित. सरकार नक्की देतं."
खोटं नाही बोलले. पण ही हमी नसती तर आम्ही झक मारत थांबलो असतो. तो जगावा म्हणून देव पाण्यात घातले असते.

१७ फेब्रुवारी
केसच्या आधीची वकिलाची नोटीस गेली. सि.ची आई ब्रँचमध्ये हजर. नवरा गिरणीत होता, बोलणं अजून अस्सल मालवणी. सगळ्यांदेखत मला, "म्याडम, हमी सरकारान घेतली मां? मगे कोर्ट माझ्या झिलाक कित्याक?" हमी सरकारची, मग कोर्ट तिच्या मुलाला का, हाच सवाल. खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाली, "होळी झाली की मसालो सुरू. चाळीतल्या बायकांनी आत्ताच नंबर लावल्यानी."  काउंटरवर गर्दी होती, कामाला लागले.

२४ फेब्रुवारी
साहेबांना नोट दिली, जूनपर्यंत थांबावं. वाचली. चहा मागवला. "थांबू. पण लिहून द्या. दावा हुकला आणि तो बुडाला, तर जबाबदारी तुमची." आवाज शांत. चुकीचंही काही बोलले नाहीत.
रिटायरमेंटला चार वर्षं. चौकशी लागली तर फंड, ग्रॅच्युइटी सगळं लटकणार. घरी ह्यांना फोनवर सांगितलं. हे म्हणाले, "तुझा कोण लागतो गं तो?" कुणी नाही लागत.
संध्याकाळी लालबागला गाळ्यापाशी गेले. सि. बाकांना रंग देत होता. "काकू, बसू नका हां, ओलं आहे."  
जबाबदारीचा कागद पर्समध्ये आहे, खाली माझं नाव टाइप केलेलं, सही बाकी. साहेब उद्या मागतील.