फळ्यांच्या पाठीवरचा खडू

४ फेब्रुवारी

हॉल गेला! आहे जागेवरच, पण त्यात आता माणसांना जागा नाही. सूनबाईंचं लेझर मशीन आधीच खिडकी अडवून बसलेलं, त्यात आज अक्रोडाच्या फळ्यांचा ढीग आला. अक्रोड म्हणायचं फक्त! वर कागदाइतका पातळ लाकडाचा पापुद्रा, आत सगळा भुशाचा दाबलेला लगदा.

"वर रेशीम, आत गोणपाट," मी म्हटलं.

हसली. "आई, नुसतं लाकूड वाकतं, तडकतं. हे सपाट राहतं, लेझरनं सरळ कापता येतं."

असेल.

५ फेब्रुवारी

जेवताना मुलगा म्हणाला, डोळ्यांच्या दवाखान्याला लाकडी जाळीचा पडदा करून द्यायचाय, ते काम पार पडलं तर ठीक. फसलं तर मशीन विकायचं आणि ऑफिसातून त्याला जिथे बदली देऊ करताहेत त्या गावी दोघांनी जायचं. "तुलाही हॉल मोकळा मिळेल, आई."

"मग काय, पाय पसरून बसेन!"

दोघं गेल्यावर या घरात मी भांडू कुणाशी? — हे फक्त इथे लिहिते.

८ फेब्रुवारी

जळक्या लाकडाचा वास उशांना, टॉवेलांना, चहालासुद्धा! बोलले. तिनं धुराचा पाइप खिडकीबाहेर लांबवला. तरी बोलले.

११ फेब्रुवारी

लिहायला हात उचलत नाही.

सून दवाखान्यात मापं घ्यायला गेली होती. ढीग वेडावाकडा, प्रत्येक फळीच्या पाठीवर खडूचे आकडे, माझ्या सोफ्यावर पांढरी भुकटी. राहवेना. कोरड्या फडक्यानं सगळ्या पाठी लख्ख पुसल्या आणि फळ्या नीट रचल्या — फिक्या वर, गडद खाली. जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली. विस्कटलेलं दिसलं की हात थांबत नाहीत.

ती आली. एक फळी उलटून बघितली. दुसरी उलटली. मग जमिनीवरच बसली.

"आई, नंबर?"

"पुसले. केवढी घाण होती —"

मग कळलं. सगळे पापुद्रे एकाच ओंडक्याचे, एकामागून एक काढलेले. त्याच क्रमानं शेजारी-शेजारी लावले तरच लाकडाची रेघ पडदाभर सलग जाते. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना तेवढंच हवंय. क्रम चुकला की नुसती ठिगळं!

"ओल्या फडक्यानं पुसल्या नाहीत ना? लगदा फुगतो," एवढंच विचारलं तिनं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी उलट उत्तर तरी दिलं असतं! "चुकलं माझं," म्हणाले.

आकडे पुसणारी ग्रंथपाल! धन्य आहे.

१२ फेब्रुवारी

मुलगा सकाळी म्हणतो, "जाऊ दे गं, आता बघू." म्हणजे सामान बांधू.

मी ऐकून घेणार नव्हते. दात घासताना कॉन्व्हेंटमधल्या शिवणाच्या सिस्टर आठवल्या. चौकड्याचा फ्रॉक शिवताना शिवणीवर चौकडा जुळला नाही की सगळं उसवायला लावायच्या. "कडा बघ, मुली! मध्ये काय बघतेस?" केवढी चडफडायचे मी त्यांच्यावर!

सुनेला म्हटलं, "ऊठ. फळ्या पसर. मधली नक्षी बघायची नाही, फक्त कडा." सोफा स्वयंपाकघराच्या दारात ढकलला, खुर्च्या बाहेर काढल्या आणि दोघी गुडघ्यांवर. लाकडात एक काळी गाठ होती — एका फळीत मसुराएवढी, दुसरीत जराशी मोठी, तिसरीत आणखी. त्या गाठीचं बोट धरून पुढे सरकत गेलो.

"आई, ही उलटी आहे."

"उलटी तू धरलीस! फिरव."

"अहो, जुळलं की!"

"डोंबल जुळलं! रेघ खाली घसरतेय. उसव!"

लाकडाची फळी काय उसवायची! दोघी हसत सुटलो, पोट दुखेपर्यंत. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं. मी पुढची फळी सरकवली.

दुपारी शेवटची बसली. रेघ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कुठेही न अडखळता. मी उठायला गेले तर गुडघे रुसलेले. तिनं हात देऊन उभं केलं आणि खडू माझ्याच हातात दिला. आकडे मी घातले — मोठ्ठे!

१३ फेब्रुवारी

दिवसभर मशीनची घरघर. आज बोलले नाही.

१९ फेब्रुवारी

पडदा दवाखान्यात उभा राहिला. मीही गेले होते. लेझरनं कोरलेल्या पानांच्या जाळीतून पलीकडचा उजेड दिसतो. डॉक्टरीणबाईंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि विचारलं, "सांधे कुठे आहेत?" सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले. नोंद करून ठेवण्याजोगी गोष्ट! लहान मुलांच्या खोलीसाठी आणखी एक पडदा हवाय म्हणाल्या. मला एकदम सुटल्यासारखं झालं. रिक्षात बसल्या बसल्या झोप लागली.

२१ फेब्रुवारी

मुलानं बदली घेतली! तिकडे पद मोठं मिळतंय. सुनेनं त्याला स्वच्छ सांगितलं, "तू हो पुढे. माझी कामं इथे आहेत. मी आईंजवळ राहते, तू सुट्टीला येत जा."

मुलगा जाणार, सून राहणार. बॅग भरताना तो सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता, आई आता रडेल म्हणून. बिचारा! मला हसू आवरत नव्हतं.