आतून लागणारी कडी

मी, इंदू हणमंत उमरीकर, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार लातूर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे का, ही शंका माझा मुलगा अंबरीश काढेल. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. शिकवणीच्या गल्लीतलं राहतं घर, मुलींच्या भाड्याच्या खोल्यांसह, मुलगी मुग्धा हिला. अट एकच. कॅमेरा फाटकावर राहील, आत एकही नाही, आणि प्रत्येक खोलीला आतून कडी असेल. अट मोडली तर घर गावच्या वाचनालयाला जाईल.

अटीचं कारण सांगते. त्र्याण्णवच्या भूकंपात गावचं घर गेल्यावर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. आंघोळीला शेजारची रईसा चादर धरून उभी राही, तिच्या वेळी मी. पुढे हे घर बांधलं, तेव्हा लोक अजून दारं उघडी टाकूनच झोपत. हे म्हणाले, "कडी नको लावू. पुन्हा हाललं तर निघता येणार न्हाई." मी म्हटलं, "मरणाच्या भीतीनं जन्मभर उघड्यावर राहू काय?" आणि सुताराकडून पितळी कडी बसवून घेतली. त्या रात्री मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

२. अंबरीशने मुलींच्या पालकांच्या समाधानासाठी घरातल्या अभ्यासिकेत लावलेले सगळे कॅमेरे, स्क्रूसकट, अंबरीशलाच. आमच्याकडे खोली घेऊन डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या देगलूरच्या मुबश्शिराने टेबलावर डोकं टेकलं, तर तिच्या वडिलांचा लगेच फोन आला, "म्याडम, पोरगी झोपून राहिली काय?" मी म्हटलं, "रडून राहिली. तेवढं तुमच्या मोबाइलात दिसलं न्हाई." त्याच दिवशी मी वायर कापली. मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही.

३. मी न्हाणीत पडले, त्यानंतर अंबरीशने माझ्या खोलीतही कॅमेरा लावला. काळजीपोटी लावला, हे मान्य. पण तेव्हापासून तो पुण्याहून मला रोज बघतो आणि भेटायला येत नाही, याचा मला राग आहे. त्यातलं माझं सगळं चित्रण पुसून टाकावं. तेराव्याला ते कोणाला दाखवू नये.

४. माझ्या दाराची पितळी कडी मुबश्शिराला. डॉक्टर होवो न होवो, ती जिथे राहील तिथल्या दाराला लावावी. माझ्या दाराला मुग्धाने नवी बसवावी.

हे लिहायला बसण्याआधी रईसाची चादर कॅमेऱ्यावर टाकली. अंबरीशचा फोन आलाच.

"आई, काहीच दिसंना. बरी हायस ना?"

"बरी हाय. बघायचं असंल तर ये, दार वाजव. मी उघडते."

ठिकाण : लातूर
दिनांक : १२ जुलै २०२३
सही : इंदू हणमंत उमरीकर

साक्षीदार : १. रईसा अजीज शेख २. बसलिंगप्पा गुंडप्पा स्वामी

आम्ही दोघे दार वाजवून आत आलो. वरील सही बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत केली.