त्रेचाळीस नोंदी

१४ नोव्हेंबर २०१७, मंगळवार

या हातांनी आजपावेतो केलेल्या वस्तू: सायकलच्या चेनचाकावर चालणारं वाइंडिंग मशीन. स्टॅबिलायझर एकशे नऊ — एकही परत आला नाही. मशिदीचा आणि हनुमान मंदिराचा, दोन्ही अँप्लिफायर. मोटार वाइंडिंगचा तक्ता, हातानं काढलेला, २००४ साली मलकापुरात छापला. महिन्याभरात कोणीतरी झेरॉक्स मारून दहा-दहा रुपयांत विकला — खालचं माझं नाव कापून! तेव्हापासून दुकानात पाटी आहे: चोरीचं गाणं, चोरीचा सिनेमा भरून मिळणार नाही.

हे लिहिलं कारण आज तहसीलमध्ये बाबूनं विचारलं, शिक्षण काय? सातवी, म्हटलं. हसला.

गीताबाईसोबत गेलो होतो. तिचा नवरा रामराव सहा ऑक्टोबरला गेला. कपाशीवर फवारणी करताना विष अंगात भिनलं, तीन दिवस दवाखान्यात होता. औषधाचा दुकानदार म्हणतो, दोन औषधं त्यानं आपल्या मनानं मिसळली. गीताबाई म्हणते, दुकानानंच तसं सांगितलं. रामराव वाचणारा माणूस. कपाशीच्या रोगांचं एक पुस्तक टॅबलेटवर विकत घेतलं होतं, आणि रोज काय फवारलं ते त्या पुस्तकातच नोंद करून ठेवायचा. बाबू म्हणतो, फोटो चालणार नाही. लिहिल्याची तारीख-वेळ दिसेल अशी फाइल आणा. २९ला चौकशी.

‘‘त्यांच्या फवारणीच्या पंपाले मोटर तुमीच बसवून देल्ली कय्यूमभाई, हेही तुमीच करा.’’

तिच्याकडून टॅबलेट घेऊन आलो.

१५ नोव्हेंबर

पुस्तकाला कुलूप आहे. या टॅबलेटबाहेर निघत नाही, नोंदीही नाही. वर सूचना: खात्याची खात्री करा, तेरा दिवस उरले. नंतर सगळं बंद. खात्रीचा कोड जातो रामरावच्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल दवाखान्यातच गहाळ झाला.

कंपनीला फोन. मुलगी गोड बोलली. खातेदाराशीच बोलता येईल. म्हटलं, खातेदार वारला. मग खातं बंद होईल, सर. पुस्तक वारसांना जात नाही. ते विकलेलं नसतं, वाचायला दिलेलं असतं.

तीनशे चाळीस रुपयांची पावती माझ्यासमोर होती.

गीताबाईला समजावून सांगितलं. म्हणाली, ‘‘म्हंजे पाकिटातल्या सरकीवानीच. पैसे आपले, पण पुढच्या साली पेराची नाही.’’

१६ नोव्हेंबर

नोंदी मोजल्या. त्रेचाळीस. वाचल्या नाहीत. मीही रोजनिशी लिहितो, दुसऱ्याची उघडू नये एवढं कळतं.

बायको खुर्शीदा म्हणाली, मेलेल्याची चीज घरात नको, परत देऊन टाका. मी म्हटलं, दुकानात आहे, घरात नाही. तर म्हणे, दुकानामागेच तर घर आहे.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

जुम्म्याची नमाज पढून आलो. शटर अर्धं खाली, सोडलं होतं तसंच. आत एक बाई बोलत होती.

ड्रॉवरमधून. टॅबलेटचा वाचून दाखवणारा आवाज — सपाट, श्वास न घेणारा. ‘‘...धुकं मागं येते. डोळ्यांत आग. उद्या पुन्हा.’’ ड्रॉवर ओढेपर्यंत गप्प झाला.

पडदा कोमट होता. मोजल्या. बेचाळीस.

१८ नोव्हेंबर

कंपनीच दुरून पुसत असेल. नेट बंद केलं. कार्ड काढलं. आता हा टॅबलेट म्हणजे पाटी. पाटीवरचं आपोआप पुसत नाही.

१९ नोव्हेंबर

बाजारातून आलो. चाळीस.

तीनदा मोजल्या.

२० नोव्हेंबर

घरातल्या लोखंडी कपाटात ठेवला. कपडे, कागद, त्याच्याखाली.

गीताबाई चौकशीला आली. खोटं बोलता आलं नाही. तिला भीती वाटली नाही, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाली, त्यांची सवयच होती, लिहायचं आणि कोणाचं मन दुखेल वाटलं की खोडायचं. ‘‘तेच पुसून राह्यले असतील. पुसू द्या.’’

म्हटलं, सगळ्या पुसल्या तर तुमच्या हाती काय राहील?

ती कपाटाकडे बघत बसली, आत कोणी बसलेलं असावं तशी.

२१ नोव्हेंबर

अडतीस.

कुलूप काढायचं ठरवलं. पाटीखाली बसून हे करताना लाज वाटते, लिहून ठेवतो. पण माझा तक्ता ज्यानं चोरला त्यानं माझं नाव कापलं आणि धंदा केला. मी रामरावचं नाव वाचवतो आहे. पुस्तक लिहिणाऱ्याला त्याचे पैसे मिळालेले आहेत. एकच प्रत काढायची, ती गीताबाईची. दुसरी नाही. कोणी मागितली तरी नाही.

आतलं जसंच्या तसं बाहेर यावं यासाठीच कुलूप काढायचं. नाहीतर ती चोरीच.

२३ नोव्हेंबर

कुलूप निघत नाही. सदतीस.

२५ नोव्हेंबर, शनिवार

निघालं! चार दिवस बाहेरून खटपट करत होतो, तेच चुकत होतं. टॅबलेटला स्वतःला पुस्तक उघडता येतं, म्हणजे किल्ली त्याच्याच पोटात असणार. होती.

आणि नोंदी त्रेचाळीस! पुसलेलं खरं पुसलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. सहा नोंदींपुढे पुसल्याची खूण, तारीख, वेळ. १७ तारीख, दुपारी एक बावन्न. मी नमाजला होतो. १९ला अकराच्या सुमारास दोन — मी बाजारात. सगळ्या दिवसाउजेडी. सगळ्या मी नसताना.

सहाही वाचल्या. आता वाचणं भाग होतं.

‘कय्यूम मिस्त्रीच्या मोटरीनं फवारा लयच बारीक होते. धुक्यावानी अंगावर येते.’ मग, ‘तोंडाले फडकं बांधलं तरी आत जाते.’ शेवटची चार दिवसांनी: ‘मिस्त्रीले सांगावं म्हणतो. पण माझा हात दुखते म्हणून किती मायेनं बसवून देल्ली त्यानं. सीझन झाल्यावर सांगू.’

पंपाचं नोझल हाताच्या दाबासाठी होतं. मोटरीचा दाब दुपटीहून जास्त. नोझल बदलायला पाहिजे होतं. मी बदललं नाही. एकशे नऊ स्टॅबिलायझर मोजणारा माणूस मी.

औषधाच्या दुकानाच्या नोंदी शाबूत आहेत — दोन बाटल्या, किती-किती मिली, सांगणाऱ्याचं नावही. दुकानदारानं किंवा रामरावनं पुसायचं तर त्या पुसल्या असत्या. माझ्याच सहा काऊन?

२६ नोव्हेंबर

असे आठ पंप अजून लोकांकडे आहेत. सकाळपासून फिरलो. सात परत आणले. आठवा देऊळघाटला, उद्या.

२७ नोव्हेंबर

देऊळघाटहून येताना गीताबाईकडे थांबलो. सहाही नोंदी वाचून दाखवल्या. हेही सांगितलं की या ओळी पाहून दुकानदार सगळं पंपावर ढकलेल, तुमची बाजू लंगडी होईल. ती मग म्हणाली, पहिली पुन्हा वाचा.

पाचदा वाचली. तिला फक्त त्याचं बोलणं ऐकायचं होतं.

२८ नोव्हेंबर

जेवायला बसलो तर ताटात भाकर नाही, खुर्शीदाच्या चार पाटल्या. ‘‘मैंनेच मिटाये. तुमारा नाम था उसमें.’’ आधी वाचायला गेली तर ते बोलायलाच लागलं म्हणे, तसंच ड्रॉवरमध्ये टाकून घरात पळाली. त्या सहा ओळी झाकलेल्याच राहू द्या, पाटल्या मोडून पैसे गीताबाईला द्या, म्हणाली. मलकापूरच्या सराफाला तिनं भावही विचारला होता. मी नाही म्हटलं. उद्या चौकशीला त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नेणार. सराफानं सांगितलेला भाव: एक लाख चौदा हजार रुपये.