बैठकीतल्या ट्रॅक्टरची आणि इतर मिळकतीची व्यवस्था

मी, श्रीमती नलिनी देवराव नगराळे, राहणार मौजे पिंपळधरा, तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ, वय पासष्ट पूर्ण, धर्म बौद्ध, धंदा शेती व घरकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. कागदावर जागोजागी काळ्या बोटांचे ठसे आहेत, ते माझेच आहेत; त्यावरून कोणी शंका काढू नये. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. एका व्हॉल्व्हमध्ये तेल मुरण्याची वाट पाहते आहे, तेवढा वेळ हाताशी आहे, म्हणून लिहायला बसले.

कलम १. नाल्याकाठचे शेत मुलगा राजदीप याला द्यावे. तो नागपूरला असतो. शेत विकू नको असे मी त्याला लिहिणार नाही, पण विकेपर्यंत दर हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा बहिणीला पोचवाव्यात. निवडून पोचवाव्यात.

कलम २. राहते घर मुलगी ममता हिला द्यावे, बैठकीच्या खोलीसह. बैठकीच्या मधोमध ट्रॅक्टर उभा आहे, त्याबद्दल कलम ४ पाहावे.

कलम ३. क्रोशाने विणलेला मोठा टेबलक्लॉथ माझ्या नणंद विमलताई यांना द्यावा. क्रोशा मला यवतमाळला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवला. दुपारच्या उन्हात लांब व्हरांड्यात आम्ही मुली ओळीने बसायचो आणि धाग्याचा गुंता झाला की सिस्टर म्हणायच्या, "ओढू नका, वाट बघा." लग्न होऊन मी या घरी आले, तेव्हा विमलताई बायकांना म्हणाल्या होत्या, "कॉन्व्हेंटची पोरगी आणली बाप्पा, आता भाकर इंग्लिशमंदी थापन काय?" त्यांच्याकडे टेबल नाही, हे मला माहीत आहे. तरी टेबलक्लॉथ त्यांनाच द्यावा.

कलम ४. ट्रॅक्टर. हा माझे यजमान कै. देवराव आणि माझे धाकटे दीर उकंडा भाऊजी यांनी मिळून घेतला. तो फार चालला नाही. जमीन थोडी होती, वर्षातून दोनचारदा निघायचा. एरवी अंगणात उभा असायचा आणि त्याच्या उभ्या सायलेन्सरवर एक पत्र्याचा डबा उपडा घातलेला असायचा, म्हणजे पावसाचे पाणी आत जात नाही. एका पावसाळ्यात तो डबा जागेवर नव्हता. पाणी थेट इंजिनात उतरले, व्हॉल्व्ह गंजून उघडाच अडकला आणि ट्रॅक्टर बंद पडला. हे म्हणाले, डबा उकंड्याने काढला. भाऊजी म्हणाले, दादाने काढला. गावात दोन तट पडले. तिसरा एक लहान तट वानराचे नाव घेणाऱ्यांचा होता, पण त्यांना कोणी विचारले नाही.

पुन्हा भिजू नये म्हणून यांनी ट्रॅक्टरभोवती चार भिंती उभ्या केल्या आणि वर टिनाचे पत्रे टाकले. आठ दिवसांत दुरुस्त करू आणि मग मोठे दार फोडू, असा बेत होता. दार माणसापुरतेच राहिले. पुढे तीच आमची बैठक झाली. ममताला पाहायला आले तेव्हा मुलाचे वडील मडगार्डवर बसले होते आणि पोह्याची ताटली त्यांनी बॉनेटवर ठेवली होती. लग्न जमले.

भाऊजींनी मात्र डब्याच्या भांडणातच सर्वांसमोर सांगितले होते, "हा ट्रॅक्टर चालू होईन तवाच मी ह्या घरात पाय ठेवीन." ते कुंपणापलीकडेच राहतात. वांगी देतात, कुंपणावरून. हे वारले तेव्हा भाऊजी रात्रभर आमच्या अंगणात बसून रडले, पण उंबरा ओलांडला नाही. आमच्या दोघांपैकी एक जण जाण्याआधी भाऊजींना घरात बसवून मला एक कप चहा द्यायचा आहे. बाकी माझी काही इच्छा उरलेली नाही.

ते न जमल्यास माझ्या पश्चात ट्रॅक्टरचे तुकडे करून दारातून बाहेर काढावेत आणि शेवटचा तुकडा बाहेर पडताच भाऊजींना आत बोलवावे. ट्रॅक्टरच नसेल तर शपथ कशाची? यावर वकीलसाहेबांचे मत घेतलेले नाही.

डबा कोणी काढला हे या मृत्युपत्राने ठरत नाही. माझ्यानंतरही कोणी ठरवू नये.

कलम ५. (दुसऱ्या दिवशी लिहिले.) तेल मुरले, पण व्हॉल्व्ह हलत नाही. फोनवर एका परदेशी म्हाताऱ्याचा व्हिडिओ पाहिला. माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीला या गावात इतक्या वर्षांनी प्रथमच काम मिळाले. तो म्हणतो, डिझेल फवारणारे नोझल काढून त्या भोकातून मऊ दोरी आत भरा आणि इंजिन हाताने फिरवा; पिस्टन वर येईल, दोरीला दाबेल आणि दोरी व्हॉल्व्हला वर ढकलेल. मऊ दोरी घरात नव्हती. मी परकरांचे नाडे काढून त्यांची वेणी घातली. शेजारच्या तांड्यावरच्या हंसाबाई राठोड यांनी नाड्याचे टोक धरले.

"बाई, हे आतमंदी तुटलं त इंजिन परकर नेसूनच चालन," त्या म्हणाल्या.

"टोक सोडू नका म्हणजे झालं."

इंजिन फिरवायला त्याच्या पुढच्या मोठ्या नटाला पाना लावून मी जोर दिला. कुंपणावरून आवाज आला, "वैनी, काय ठोकून राह्यल्या सकाळपासून?"

"व्हॉल्व्ह, भाऊजी."

"कायले? ह्या वयात हात मोडसान!"

"मग या धरायला."

"चालू होऊ द्या, येतो," ते म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

मी ओढाताण थांबवली. वाट पाहिली, पुन्हा तेल सोडले, लाटण्याने हळू ठोकले, पुन्हा पाना फिरवला. टक्क असा आवाज झाला आणि व्हॉल्व्ह आपल्या जागी जाऊन बसला. नाडे सगळे सलामत बाहेर आले. ते कोणाला द्यायचे नाहीत.

कलम ६. (त्याच दिवशी, अंगणात बसून.) कलम ४ मधील तुकडे करण्याची तरतूद मी रद्द करते. हंसाबाईंचे यजमान रूपसिंग यांनी आपली बॅटरी आणून जोडली. ट्रॅक्टर चालू झाला. बैठकीत इतका धूर झाला की भिंतीवरच्या तसबिरी दिसेनात, आणि मांडणीवरची भांडी एकेक करून खाली उतरली. बंद करायची तार ओढली, तर ती गंजलेली तार माझ्या हातातच आली. इंजिन काही थांबेना. मी ओरडले.

भाऊजी कुंपणावरून उडी मारून धावत आत आले आणि खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी हवेच्या नळीत कोंबला. इंजिन गुदमरून बंद पडले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिले.

"आतमंदी आलो का मी?"

"ट्रॅक्टर चालू होता, भाऊजी. शपथ मोडली नाही."

"पण आता त बंद हाय," म्हणून ते दाराकडे वळले.

"बंद तुम्हीच केला," हंसाबाई म्हणाल्या. "आता बसा मुकाट्यानं."

भाऊजी दारातून मागे फिरले. "दादा कुठं बसे?"

"सीटवर. पेपर वाचत."

ते मडगार्डवर बसले. सीट त्यांनी रिकामी ठेवली. चहा दोनदा मागितला.

सबब, सदर ट्रॅक्टर मी उकंडा भाऊजींना देते. अट एकच: तो घराबाहेर काढायचा नाही आणि त्यासाठी भिंत फोडायची नाही. उभ्या इंजिनाचा व्हॉल्व्ह पुन्हा अडकतो, म्हणून दर महिन्याला त्यांनी स्वतः आत येऊन तो चालू करावा. ममताने खिडक्या उघडाव्यात आणि चहा ठेवावा. मी जिवंत असेपर्यंत चहा मी ठेवीन.

हे कलम त्यांना वाचून दाखवले. "म्हंजे मले दर महिन्याले या लागन?"

"व्हॉल्व्हसाठी."

"व्हॉल्व्हसाठी येईन," ते म्हणाले.

वरील मजकूर मी वाचला आहे आणि तो मला मान्य आहे. आत अजून धूर असल्यामुळे सह्या अंगणात झाल्या. साक्षीदार म्हणून आधी उकंडा भाऊजींचे नाव होते, पण ज्याला मिळते त्याने साक्ष देऊ नये असे समजल्याने ते खोडले आहे. याचा त्यांना राग आला आहे, पण ते निघून गेलेले नाहीत.

नलिनी देवराव नगराळे
(सही)

साक्षीदार:
१. हंसाबाई रूपसिंग राठोड (अंगठा)
२. रूपसिंग राठोड (सही)

ठिकाण: मौजे पिंपळधरा, ता. घाटंजी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४