रीस्टार्ट तेवढं नंतर

४ फेब्रुवारी, रविवार
लेकीचा व्हिडिओ कॉल. तिचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. आवाज मागाहून आला, तोही तुकड्यातुकड्यांनी. जोडून लावलेला मजकूर असा: आई, तुझा चेहरा धड दिसत नाही, तू जेवतेस की नुसतंच सांगतेस ते कळत नाही. महिनाअखेरपर्यंत हे नीट झालं नाही तर मी येऊन तुला घेऊन जाणार, घर भाड्याने देऊ. एवढं शेवटचं वाक्य मात्र न तुटता आलं.
घर मी सोडणार नाही. तेव्हा नेट सुधारलंच पाहिजे. कंपनीच्या माणसाला बोलव म्हणाली. कशाला? मला वाचता येतं. शाळा चौथीत सुटली, पण ह्यांच्या मागे सगळे सरकारी कागद मी एकटीने वाचून निस्तरले. नेट त्यापुढे काय?

५ फेब्रुवारी
लेख सापडला. कॉम्प्युटरच्या सेटिंग बदला आणि नेट दुप्पट पळवा. त्यात लिहिलंय, कॉम्प्युटर नेटचा पाचवा हिस्सा स्वतःसाठी राखून ठेवतो. बसल्या जागी पाचवा हिस्सा! घराच्या वाटणीत वन्सं एवढं मागत नव्हत्या.
शोधून शोधून तो आकडा शून्य केला. खाली बारीक अक्षरांत: बदल लागू होण्यासाठी रीस्टार्ट करा. ते नंतर. रीस्टार्ट केलं की ह्यांचा बुद्धिबळाचा डाव जाईल. दवाखान्यात निघताना तसाच उघडा ठेवून गेले, चाल ह्यांचीच आहे. तेव्हापासून कॉम्प्युटर बंद केलेला नाही, नुसता स्क्रीन मालवते. शिवाय 'रीस्टार्ट करा' हे लिहायची पद्धत असते. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' असतं तसं.
लगेच फरक पडला. पान झटकन उघडलं. निदान तसं वाटलं.

८ फेब्रुवारी
आज कॉम्प्युटरमध्ये गुपचूप चालणाऱ्या सेवांची यादी काढली. एवढा गोतावळा! नावावरून ज्या रिकामटेकड्या वाटल्या त्या कायमच्या बंद केल्या. एकीच्या वर्णनात 'पत्ता मिळवून देणे' असं होतं. आपला पत्ता आपल्याला ठाऊक आहे. बंद.
पुन्हा तेच, रीस्टार्ट करा. नंतर.
वेग मोजायची साइट उघडली. काटा पूर्वीच्याच जागी. साइट जुनी असावी.

११ फेब्रुवारी, रविवार
कॉल. लेक पुन्हा थिजली. पण गेल्या रविवारी रागावलेली थिजली होती, आज हसताना थिजली. सुधारणा आहे.

१४ फेब्रुवारी
वन्सं वरच्या मजल्यावरून खाली आल्या. मी अपडेट बंद करत होते, कारण अपडेट नेट खातात आणि मन मानेल तेव्हा कॉम्प्युटर रीस्टार्ट करतात. वन्सं म्हणाल्या, वहिनी, दादा असता तर एक फोन करून मोकळा झाला असता. मी म्हटलं, फोन करून मोकळे नसते झाले, त्या माणसाशी तासभर भांडत बसले असते. त्यावर दोघी हसलो. मग त्या उगाच उठून गच्चीवरचे कपडे बघायला गेल्या.
अपडेट बंद झाले. हा बदलही रीस्टार्टनंतर लागू होणार म्हणे. रीस्टार्ट थांबवायला रीस्टार्ट! लिहिणाऱ्याने डोकं गहाण टाकलंय.

१८ फेब्रुवारी, रविवार
आज लेकीचा चेहरा चौकोनाचौकोनांत आला. एका चौकोनात नाक, एकात कान. सगळं होतं, फक्त जागच्या जागी नव्हतं. ती म्हणाली, मी तिकीट बघतेय. मी म्हटलं, बघ, पण काढू नकोस, माझं काम शेवटच्या टप्प्यात आहे. हे तिला ऐकू गेलं नसावं. खुर्चीत मान टाकून बसली, एवढं नीट दिसलं.

२१ फेब्रुवारी
सकाळी स्क्रीन निळा. 'अपडेट पूर्ण झाले. आपले स्वागत आहे.' स्वतःहूनच रीस्टार्ट झाला.
डाव नाही. सगळ्या सोंगट्या आपापल्या जागी उभ्या, आणि खाली प्रश्न: नवा डाव सुरू करायचा का?
हे हरतच आले होते म्हणा. वजीर गेला होता.
आज एकही सेटिंग बदलली नाही.

२२ फेब्रुवारी
नेट मुळीच नाही. पूर्वी रांगत होतं, आता श्वासही नाही. माझ्या सगळ्या सेटिंग एकदम लागू झाल्या असणार. म्हणजे आजवर एकही लागू नव्हती. मग तो पडलेला फरक? पान झटकन उघडलं होतं, मी स्वतः पाहिलंय.
कंपनीला फोन केला. लेकीला कळवलं नाही.

२३ फेब्रुवारी
वायरवाला आला. पहिला प्रश्न, मावशी, रीस्टार्ट करून बघितलं का? मी म्हटलं, त्याचं नाव काढू नका. सेवांची यादी बघून त्याने विचारलं, हे कोणी केलं? मी म्हटलं, व्हायरस असेल. वन्सं दारातच होत्या, म्हणाल्या, हो, चष्मा लावणारा.
त्याने माझ्या सगळ्या सेटिंग पूर्ववत केल्या. नेट परत आलं, पुन्हा रांगत. मग त्याने बाहेरून येणारी वायर हाताने चाचपत आणली आणि खिडकीपाशी थांबला. वायर खिडकीतून आत येते. हे ती खिडकी कायम बोटभर उघडी ठेवायचे, मी धुळीवरून भांडायचे. ह्यांच्या मागे मी ती घट्ट लावून घेतली. वायर फटीत चिमटून चपटी झाली होती.
नवी वायर टाकली. काटा सरसर वर गेला. मी विचारलं, सेटिंगचाही थोडा हात असेल ना? तो काही बोलायच्या आत वन्सं म्हणाल्या, नळी चेपली म्हणून बादली घासत बसलात, वहिनी.
मुद्दा पूर्ण पटला नाही. सेटिंगमुळे वायरवरचा भार काही ना काही हलका झालाच असेल.

२५ फेब्रुवारी, रविवार
कॉल. लखलखीत! लेकीच्या भुवईजवळचा लहानपणचा व्रणसुद्धा दिसला. मी म्हटलं, बघ, जमलं की नाही? आता तिकिटाचं विसर. ती म्हणाली, विसरले, तू जिंकलीस. मग जवळ येऊन बघत राहिली. म्हणाली, आई, किती वाळलीस. आणि डोळे लाल का? मी म्हटलं, स्क्रीनच्या रंगांची सेटिंग बिघडली असेल, उद्या बघते. ती म्हणाली, मग माझ्याकडचीही बघ, माझेही तसेच दिसत असतील.
दिसत होते.
एरवी अशा जागी नेट लटकायचं आणि दोघी सुटायचो. आज लटकलं नाही.