आधी झोप, मग स्कोलिन

सिस्टर, तुम्हाला पत्र लिहायची वेळ आपल्यात कधी आलीच नाही, कारण तुमच्या क्वार्टरमध्ये आणि माझ्या क्वार्टरमध्ये एक पेरूचं झाड आणि एक हापसा एवढंच अंतर होतं. काही सांगायचं असलं की तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारायचात, "म्याडम, वरण झालं, येता का?" आणि मी हातातलं पुस्तक उपडं टाकून यायचे. पाटावर बसून भात, लाखोळीचं वरण, जवसाची चटणी. तुम्ही वाढायचात, आणि मी दिवसभर कुणाकुणावर चिडले ते सांगायचे. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की त्या दवाखान्यात तुम्हाला ओळखणारं कुणी उरलं नसेल. मीही निवृत्त झाले. गुडघे कुरकुरतात, सकाळ सरता सरत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

मी आले तेव्हा जिल्हा नुकताच चंद्रपूरपासून वेगळा झाला होता आणि नागपूरहून भूलशास्त्राचा डिप्लोमा घेऊन आलेली मी, सत्तावीस वर्षांची, स्वतःला फार कोणीतरी समजत होते. राग नाकाच्या शेंड्यावर. ऑपरेशन थिएटर म्हणजे एक टेबल, भूल द्यायचं एक जुनं यंत्र आणि विजेच्या मर्जीने चालणारा एक फ्रिज. स्कोलिनच्या काचेच्या कुप्या थंडच राहायला हव्यात, म्हणून वीज गेली की तुम्ही त्या थर्मासात ठेवायचात आणि शिपायाला बाजारातल्या मासेवाल्याकडून बर्फ आणायला पिटाळायचात. त्या बर्फाला माशांचा वास येतो म्हणून मी नाक मुरडलं होतं. तुम्ही म्हणालात, "वास औषधीले लागत नाई म्याडम, आपल्यालेच लागते." तुम्ही तेव्हा चाळिशीच्या, थिएटरमध्ये पंधरा-सोळा वर्षं काढलेल्या. वडील खाणीत कामगार. त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा तुम्ही सातवीत होतात आणि त्याच वर्षी त्यांनी ठरवलं की पोरीला नर्स करायचं. हे तुम्ही कधीतरी कांदा चिरताना सांगितलंत, विशेष काही नसल्यासारखं.

आमच्या कामात दोन औषधांचा क्रम चुकवायचा नसतो. पेंटोथाल माणसाला झोपवतं. पिवळट भुकटी, पाण्यात विरघळवली की लसणासारखा वास येतो. स्कोलिन मात्र झोपवत नाही. ते फक्त अंगातली हालचाल काढून घेतं, सगळी, श्वाससुद्धा, म्हणजे जबडा सैल होतो आणि श्वासनळीत नळी घालता येते. म्हणून आधी झोप, मग स्कोलिन, मग नळी, आणि पुढचा श्वास आपण पिशवी दाबून द्यायचा. पेंटोथालची सिरिंज मोठी असायची, ती चुकणं कठीण. पण स्कोलिन पाण्यासारखं नितळ, आणि तोंड कोरडं करायला सुरुवातीला देतात ते ॲट्रोपिनही तसंच नितळ, दोन्ही सारख्याच लहान सिरिंजमध्ये. तुम्ही स्कोलिन वेगळ्या ट्रेमध्ये, टेबलाच्या पलीकडे, ओल्या गॉजखाली ठेवायचात. ते कुठे लिहिलेलं नव्हतं, तुमची तशी रीत होती. मला ती रीत आवडत नव्हती. मला वेगाचा गर्व होता, आणि सगळं हाताशी हवं म्हणून मी ती सिरिंज उचलून माझ्या ट्रेमध्ये आणून ठेवायचे.

"थे इथी नोका ठेवू म्याडम. तिकडंच राहू द्या."

"सिस्टर, वळसा घालून जाण्यात पाच सेकंद जातात."

"जाऊ द्या ना मंग पाच सेकंद. कोनाची गाडी सुटून राह्यली?"

मी म्हणाले, मला शिकवू नका. त्या रात्री वरणाची हाक नेहमीसारखीच आली आणि मला वाटलं, म्हणजे मी बरोबर होते.

रोवण्याचे, भातलावणीचे दिवस. सकाळचे दहा वाजले असतील. चामोर्शीकडच्या एका खेड्यातून एक बाई आली आहे, बावीस-तेवीस वर्षांची, पोट टणक फुगलेलं, ओकारी हिरवी. आतड्याला पीळ बसला आहे. पायाच्या नखांत अजून बांधीतला चिखल आहे. पोट असं भरलेलं असताना भूल द्यायची म्हणजे ओकारी फुप्फुसात जाण्याची भीती. ती झोपली की क्षणात नळी आत गेली पाहिजे, आणि तोवर कुणीतरी दोन बोटांनी गळ्यातल्या कूर्चेच्या कड्यावर दाब धरून अन्ननलिका बंद ठेवली पाहिजे. ते काम तुमचं. सर्जनसाहेब बाहेर हात धुताहेत आणि दर मिनिटाला "झालं का?" विचारताहेत. मी तिला ऑक्सिजन देते, लहान सिरिंज उचलते, ॲट्रोपिन म्हणून शिरेत सोडते आणि नाडी वाढायची वाट बघते. नाडीऐवजी तिची पापणी थरथरते. मग गाल, खांदे, मग पोटऱ्यांपर्यंत अंगभर बारीक थरथर, आणि मग सगळं शांत. मोठी सिरिंज ट्रेमध्ये भरलेली तशीच पडली आहे.

ॲट्रोपिन म्हणून मी स्कोलिन दिलं होतं, सिस्टर. तिचे डोळे उघडेच होते आणि एका डोळ्यातून कानाकडे पाणी ओघळलं. तुम्ही ते माझ्याआधी पाहिलंत. बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालात, "म्याडम, ही जागी हाय." आणि माझ्या तोंडून काय निघालं? "गप्प बसा." त्या शब्दांची लाज मला अजून वाटते. तुम्ही गप्प बसला नाहीत, पण माझ्याशीही बोलला नाहीत. गळ्यावरची बोटं न हलवता वाकलात आणि तिच्या कानाशी तोंड नेलंत. "माय, तू मेली नाई. आयकून राह्यली ना तू? हातपाय हालत नाई, थे औषधीनं हाय. श्वास आमी देतो तुले. आता झोप येईन. मी इथीच हावो, कुठी जात नाई." मी पेंटोथाल सोडलं, नळी घातली, पिशवी दाबली. तिची छाती वर आली. भिंतीवरच्या घड्याळात मिनिटसुद्धा झालं नव्हतं. सर्जनसाहेब हातमोजे चढवत आत आले, "झालं का?" मी म्हणाले, झालं. पीळ सुटला, आतडं वाचलं, बाई वाचली. काय घडलं होतं ते फक्त आपल्या दोघींना ठाऊक होतं, आणि तिला.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात तिनं मला सांगितलं. "डॉक्टरबाई, मी मेली होती. सारं आयकू येत होतं. श्वास घ्याचा म्हनलं त येईना. अन् कोनतरी बाई कानाजवळ बोलून राह्यली होती." मी तिचा पेपर चाळत म्हणाले, "भुलीच्या औषधानं अशी स्वप्नं पडतात." इतकं सहज म्हणाले की माझं मलाच खरं वाटलं. पण ती त्यानंतर झोपेना. डोळे मिटले की अंग पुन्हा दगड होईल म्हणायची. बसून राहायची, हाताची बोटं हलवून बघायची. घरचे कुजबुजायला लागले की हिला काही धरलंय, टाके निघाले की एखाद्या जाणत्याकडे नेऊ. मला हे सगळं कळत होतं. मी झोपेची गोळी लिहून दिली. ती तिनं थुंकून टाकली.

पाचव्या दिवशी दुपारी तुम्ही तिच्या खाटेवर जाऊन बसलात. मी दारात होते, हातात केसपेपर. "थे सपन नोहोतं माय," तुम्ही म्हणालात. "तुले आधी झोपवाची औषधी द्याची होती. थे मांगं राह्यली, अन् हातपाय सुन्न करनारी आधी गेली. चूक झाली आमची. तू येडी नाई, तुले कोनी धरलं नाई. बोलून राह्यली होती थे मीच." तिनं आपली बोटं एकदा हलवून बघितली. मग विचारलं, "पुन्हा नाई ना होनार?" तुम्ही म्हणालात, "नाई होनार." ती आडवी झाली, तुमचा हात उशाशी धरून, आणि दिवे लागेपर्यंत झोपली. तुमची ड्युटी संपून गेली तरी तुम्ही उठला नाहीत.

घरी जायच्या दिवशी तिनं तुमचा हात आपल्या गालाला लावला. "तुमच्या हातून झालं त झालं बाई. मी मनात नाई ठेवत." साहजिकच होतं. कानाशी तुमचा आवाज, खाटेवर तुम्ही, चूक सांगितली तीही तुम्ही. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. रागानं नाही, पाहुण्याला बसायला जागा करून द्यावी तसं. मी तीन पावलं पुढे यायला हवं होतं. मी केसपेपरवर सही केली.

तुमच्या स्वयंपाकघरात मी एकदा विचारलंच. माझं नाव का नाही घेतलं? तुम्ही तवा उतरवलात आणि म्हणालात, "सांगाची गोष्ट तुमची हाय म्याडम. माह्यानं कशी होईन? तुमी सांगसान तवा सांगसान." मला रडू आलं आणि मी अंबाडीची भाजी तिखट झाल्याचं निमित्त केलं. तुम्ही हसून पाण्याचा गडवा पुढे सरकवलात. ती बाई दर वर्षी धान निघालं की नव्या पोह्यांची पुरचुंडी घेऊन तुमच्याकडे यायची, आणि त्यातले अर्धे तुम्ही माझ्याकडे आणायचात. "घ्या. हे तुमचेच हाये." मी ते पोहे खाल्ले, सिस्टर. दर वर्षी खाल्ले. गोड होते.

त्या दिवसानंतर ट्रे तुम्ही म्हणाल तिथेच राहिला. आणि मी पेशंटच्या कानाशी बोलायला शिकले. तुमची वाक्यं मी तुमच्यासमोर घोकायचे आणि तुम्ही पोट धरून हसायचात, "म्याडम, हे त नागपूरची बोली झाली, आमच्या मानसाले वाटन साहेब रागावून राह्यले." पुढे चंद्रपूरला बदली झाली, तरी पत्राऐवजी मी एसटीनं तुमच्याकडेच यायचे; तिथे हाताखाली मुलं शिकायला आली. त्यांना मी सांगायचे, औषध देण्याआधी बोला, झोपल्यावरही बोला, कारण झोप लागलीच आहे याची खात्री आपल्याला असते, पेशंटला नसते. हे मला एका सिस्टरांनी शिकवलं, असंही सांगायचे. कसं शिकवलं, ते कुणी विचारलं तर विषय बदलायचे. पण खरं सांगते, तुमच्याइतकं प्रेमानं मला रागावलेलं दुसरं कुणी आठवत नाही. आईचं रागावणं मी उलट बोलून परतवू शकत होते. तुमचं नाही.

तुम्हाला डोक्याचा मलेरिया झाला हे मला तिसऱ्या दिवशी कळलं आणि मी एसटीनं पोचेपर्यंत तुम्ही गेला होतात. अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं, त्रिशरण-पंचशील चाललेलं. मी हापशाजवळ उभी होते. पोहे आणणारी ती बाई तिथेच माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आता अंगानं भरलेली, कडेवर मूल. "डॉक्टरबाई, वळखलं का मले?" मी मान हलवली. ती रडत होती. म्हणाली, "माह्या आपरेशनच्या बारीत त्यायच्या हातून चूक झाली होती, तुमाले त माहीतच हाय. पन स्वतः होऊन सांगलं त्यायनं. असं कोन सांगते बाई?"

आजूबाजूला खूप गर्दी नव्हती. कुणाला ऐकू गेलं नसतं, गेलं असतं तरी मला काही झालं नसतं. मी म्हणाले, "कोणी नाही सांगत." तिनं पदरानं डोळे पुसले आणि आम्ही दोघी मिळून तुमच्या पायांशी फुलं ठेवली.

गेल्या महिन्यात तिचा नातू कुणालातरी दवाखान्यात घेऊन चंद्रपूरला आला होता, विचारत विचारत माझ्या घरी पोचला. आजी खुटखुटीत आहे म्हणाला, अजून रोवण्याला जाते, आपल्या दोघींची आठवण काढते. तिचा फोन नंबर त्यानं लिहून दिला आहे. तो रोज सकाळी मी बघते. हे सगळं मी तिला सांगायला हवं, हे मला कळतं, सिस्टर. तरी तुम्हाला लिहीत बसले, कारण तुम्हाला हे आधीपासून माहीत आहे.